देवळालीचा ताप : एका इंग्रजी शब्दाची प्रस्तावना

ब्रिटनमध्ये एखादा माणूस विसरभोळेपणानं, वैतागानं किंवा नुसत्या लहरीनं विचित्र वागू लागला, तर तो 'डूलॅली' झाला असं म्हणतात. हा शब्द हसत उच्चारायचा असतो. त्यात तिरस्कार फारसा नाही, भीती तर नाहीच. आजीनं चष्मा साखरेच्या डब्यात ठेवला तरी तो चालतो आणि संगणक वेडंवाकडं वागू लागला तरी चालतो. तो वापरणाऱ्या बहुतेकांना त्यामागं एक गाव उभं आहे याची कल्पना नसते. ते गाव म्हणजे नाशिकजवळची देवळाली. ब्रिटिश शिपायांच्या बोलीत मूळ प्रयोग 'डूलॅली टॅप' असा होता आणि त्यातला 'टॅप' म्हणजे हिंदुस्थानीतला ताप. देवळालीचा ताप चढलेला माणूस म्हणजे डोकं ठिकाणावर नसलेला माणूस. पुढे ताप गळून पडला, गावाचं नाव उरलं आणि त्या नावाचंच विशेषण झालं. फौजेच्या इंग्रजीत शिरलेल्या हिंदुस्थानी शब्दांचा अभ्यास ज्याला करायचा असेल त्यानं या शब्दापासून आरंभ करावा असं मला वाटतं. त्याची उत्पत्ती सर्वांना ठाऊक असल्यासारखी सांगितली जाते, पण तिच्यातला मुख्य भाग बहुतेक वेळा भलतीकडेच जातो. ऊन, हिवताप आणि वेड्यांचं इस्पितळ ही तीन कारणं नेहमी पुढे केली जातात. माझं म्हणणं असं की हा शब्द ताटकळण्यातून जन्मला. माणसं तिथं घरी जाण्याची वाट पाहत बसून होती, आणि त्यांना बसवून ठेवलं होतं लष्कराच्या वेळापत्रकानं.

आधी गावाकडे वळू. देवळाली नावाची गावं महाराष्ट्रात एकाहून जास्त आहेत; राहुरीकडची देवळाली प्रवरा वेगळी. इथं अभिप्रेत आहे ती भगूरला लागून असलेली, जिला नाशिककर आजही 'देवळाली कॅम्प' म्हणतात. १८६१च्या सुमारास तिथं ब्रिटिश फौजेची छावणी वसली. १८५७च्या उठावानंतर हिंदुस्थानातल्या गोऱ्या फौजेची संख्या मुद्दाम वाढवण्यात आली. ती साठ हजारांच्या वर गेली आणि बहुतेक काळ तिथेच किंवा त्याहून वर राहिली. एवढी माणसं दर वर्षी बदलत राहणार. नव्या तुकड्या विलायतेहून येणार, मुदत संपलेले, आजारी, जायबंदी झालेले परत जाणार, आणि ही सगळी ये-जा प्रामुख्यानं मुंबई बंदरातून होणार. बोटीतून उतरलेल्या किंवा बोटीची वाट पाहणाऱ्या शेकडो माणसांना मुंबईच्या दमट हवेत आणि दाटीत ठेवणं धोक्याचं होतं. घाट चढून वर गेलं की हवा बदलते. थळ घाटातला लोहमार्ग १८६५ साली खुला झाला आणि मुंबईहून सुमारे १८० किलोमीटरवरची, साडेपाचशे मीटर उंचीवरची ही जागा बंदराच्या हाताशी आली. देवळाली ही लढाईची छावणी नव्हती, सरहद्दीवरचं ठाणंही नव्हतं. येणाऱ्यांनी थोडं थांबून पुढं आपापल्या पलटणीकडे जायचं आणि जाणाऱ्यांनी बोट लागेपर्यंत थांबायचं, एवढ्यासाठी ती होती. या थांबण्यातच शब्दाचं मूळ आहे, म्हणून ते थांबणं कसं चालत असे हे नीट पाहायला हवं.

बोटी वर्षभर चालत नसत. १८६६च्या सुमारास सरकारनं फौजेच्या ने-आणीसाठी खास पाच मोठी जहाजं बांधली. त्यांतल्या दोघांची नावं 'मलबार' आणि 'जमना' अशी आपल्या ओळखीची होती. उरलेली 'सेरापिस', 'क्रोकोडाइल' आणि 'युफ्रेटिस'. सुएझचा कालवा १८६९ साली खुला होईपर्यंत काही जहाजं इंग्लंडहून अलेक्झांड्रियापर्यंत येत, मधला टप्पा शिपाई रेल्वेनं ओलांडत आणि सुएझहून दुसरी जहाजं त्यांना मुंबईला आणत. कालवा झाल्यावर हा त्रास संपला, पण हंगामाचं बंधन कायम राहिलं. उन्हाळ्यात तांबड्या समुद्रातून खच्चून भरलेलं जहाज नेणं म्हणजे खालच्या मजल्यावरच्या माणसांना भट्टीत कोंडणं होतं, आणि पावसाळ्यात अरबी समुद्र खवळलेला असे. म्हणून साधारण ऑक्टोबर ते मार्च हाच वाहतुकीचा हंगाम ठरला. ज्या शिपायाची मुदत फेब्रुवारीत संपली त्याला बोट मिळून जाई. ज्याची मुदत हंगाम सरल्यावर संपली आणि ज्याला देवळालीला धाडलं गेलं, त्याला पुढचा सगळा उन्हाळा आणि पावसाळा तिथं काढावा लागे. त्यात १८७० साली भरतीचा कायदा बदलला. पूर्वी शिपाई दीर्घ मुदतीसाठी बांधला जाई. नव्या कायद्यानं प्रत्यक्ष नोकरीची वर्षं कमी केली आणि उरलेली राखीव दलात मोजली. याचा सरळ परिणाम असा की दर वर्षी मुदत संपवून परतणाऱ्यांची संख्या वाढली. कायदा माणसाला लवकर मोकळं करत होता, पण बोट तिच्या हंगामातच सुटत होती. या दोहोंमधल्या फटीत जे महिने उरले ते देवळालीत जिरवले गेले.

या महिन्यांचं सर्वांत उपयोगी वर्णन आपल्याला फ्रँक रिचर्ड्सकडून मिळतं. रिचर्ड्स हा रॉयल वेल्श फ्युजिलिअर्समधला साधा शिपाई. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात त्यानं हिंदुस्थान आणि ब्रह्मदेशात नोकरी केली, पुढे पहिल्या महायुद्धात पश्चिम आघाडीवर सगळा काळ काढला आणि त्या अनुभवावर १९३३ साली एक पुस्तक लिहिलं. हिंदुस्थानातल्या दिवसांवरचं त्याचं दुसरं पुस्तक, 'ओल्ड सोल्जर साहिब', १९३६ सालचं. अधिकाऱ्यांची स्मृतिचित्रं पुष्कळ आहेत. बराकीतल्या माणसानं स्वतःच्या बोलीत लिहिलेली फारच थोडी, आणि म्हणून या पुस्तकाचं मोल मोठं आहे. देवळालीला पोचलेल्या मुदत संपल्या शिपायाकडे हत्यार नसे, कवायतीचं ओझं नसे, अधूनमधून सामान दाखवायचं आणि कधी एखादी लांब चाल करायची, याखेरीज काम नसे, असं तो सांगतो. वेळ खायला उठे. वर्षानुवर्षं ज्यांच्या नावावर एक ठपका नव्हता अशी माणसं तिथं गंभीर गुन्हे करून बसत आणि घरी जाण्याऐवजी आधी तुरुंगात जात. कित्येक जण गुप्तरोग घेऊन इस्पितळात पडत. कुणी तऱ्हेवाईक वागू लागला की त्याला देवळालीचा ताप चढला असं शिपाई म्हणत, आणि हा प्रयोग त्या छावणीतल्या कंटाळ्यातून आला असावा, असं रिचर्ड्सला वाटतं. 'असावा' हे महत्त्वाचं आहे. तो शब्दकोशकार नव्हता आणि छातीठोकपणे बोलतही नाही. पण ज्या माणसानं तो शब्द रोजच्या व्यवहारात ऐकला आणि वापरला, त्याला त्याचा उच्चार होताच काय आठवत होतं, हे त्याच्या लिहिण्यातून कळतं. त्याला ऊन आठवत नाही, मच्छरही नाही. त्याला आठवतं ते करायला काहीच नसणं.

याला पहिला आक्षेप हवेचा. हिंदुस्थानच्या उन्हानं गोऱ्या माणसाचं डोकं फिरतं हा एकोणिसाव्या शतकातला जवळजवळ वैद्यकीय सिद्धान्त होता. टोपीखाली पाठीवर झालर लावण्यापर्यंत त्याची मजल गेली होती. विसाव्या शतकात या समजुतीला बीबीसीच्या एका लोकप्रिय विनोदी मालिकेनं बळ दिलं. १९७४ ते १९८१ या काळात चाललेली ही मालिका आरंभी देवळालीच्याच छावणीत घडते, तिचा एक लेखक जिमी पेरी दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस खरोखरच देवळालीतल्या तोफखान्याच्या करमणूक पथकात होता, आणि तिच्या नावातच उकाडा आहे: 'इट एंट हाफ हॉट, मम'. हिंदी माणसांचं तिनं केलेलं चित्रण आज अनेकांना खटकतं आणि ते खटकणं रास्त आहे. इथं मुद्दा एवढाच की लाखो ब्रिटिश घरांत देवळालीचं जे चित्र पोचलं ते भाजून निघालेल्या गावाचं होतं. आता नाशिककडच्या कुणालाही विचारावं. देवळालीची हवा चांगली म्हणून मुंबईची माणसं पिढ्यानपिढ्या तिथं विश्रांतीला जात आली. आरोग्यधामं उभी राहिली ती याच कारणानं. मुळात फौजेनंही ती जागा हवेसाठीच निवडली. उन्हानं वेड लागायचं असतं तर त्या वेडाला मुलतानचं नाव मिळालं असतं किंवा जेकबाबादचं. पंजाबातल्या आणि सिंधमधल्या छावण्यांत शिपाई ज्या उन्हाळ्याला तोंड देत होते त्याच्यापुढे देवळालीचा उन्हाळा सौम्यच म्हणायचा. तरीही नाव पडलं देवळालीचं.

उलट रिकामपणानं काय होतं याची साक्ष लष्कराच्याच कागदांत आहे. हिंदुस्थानातल्या फौजेच्या आरोग्याची चौकशी करणाऱ्या शाही आयोगाचा अहवाल १८६३ साली आला. त्यात गोऱ्या शिपायांचा मृत्युदर दर वर्षी हजारी ६९ इतका निघाला आणि विलायतेत खळबळ उडाली. त्या अहवालासाठी फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी जी निरीक्षणं लिहिली त्यांत गटारं, पाणी आणि बराकींची गर्दी यांच्याइतकीच शिपायाच्या दिनक्रमावर बोट ठेवलेलं आहे. सकाळी तासभर कवायत, मग खाट, जेवण, पुन्हा खाट, चहा, दारू आणि पुन्हा खाट, अशी त्या दिवसाची मांडणी त्यांनी नोंदवली. स्वयंपाकाला, हजामतीला, झाडलोटीला हिंदी नोकर असत. गोऱ्या शिपायाला हातानं करण्यासारखं काही उरत नसे. ही स्थिती भरल्या पलटणीतली होती, जिथं निदान नाव, हुद्दा, सोबती आणि उद्याची हजेरी तरी होती. देवळालीत आलेल्या माणसाची पलटण मागं राहिलेली, सोबती पांगलेले, शिपाईपण जवळजवळ संपलेलं आणि घर अजून सहा हजार मैलांवर. नाइटिंगेल यांनी पाहिलेला कंटाळा तिथं दुप्पट होऊन पोचत असणार, हे समजायला फार कल्पनाशक्ती लागत नाही.

दुसरा आक्षेप शब्दातच बसला आहे. ताप म्हणजे ताप. मग हा हिवतापानं मेंदूवर झालेल्या परिणामाचाच उल्लेख नसेल कशावरून? हिवतापात माणूस बरळतो हे खरं, आणि देवळालीत हिवताप नव्हता असंही कुणी म्हणणार नाही. पण त्या काळी हिवताप छावणीछावणीत होता आणि पेशावरचा ताप तर फौजेत कुप्रसिद्धच होता. इंग्रजी वैद्यक आणि फौज, दोघांनाही रोगाला गावाचं नाव देण्याची सवय होती. एका चिवट गळवाला 'दिल्ली बॉइल' म्हणत. माझ्या मते 'देवळालीचा ताप' ही याच पद्धतीची थट्टामस्करीतली नक्कल आहे. डॉक्टरसाहेब पेशावरच्या तापाची नोंद करतात, तर मग आम्हीही एक ताप काढतो, जो थर्मामीटरला दिसत नाही आणि जो बोट लागताच उतरतो. मराठी वाचकाला इथं 'डोक्याला ताप' आठवेल, आणि तो अर्थ चपखल बसतोही; पण त्यावरून मराठीचा वाटा जास्त मोजू नये. शिपायांनी शब्द उचलले ते छावणीच्या बाजारात चालणाऱ्या हिंदुस्थानीतून, आणि ताप हा शब्द तिथंही होता. काही इंग्रज मात्र 'टॅप' म्हणजे डोक्यावर बसलेली टपली असा अर्थ लावत आले आहेत. 'टॅप्ड' म्हणजे किंचित वेडा असा प्रयोग इंग्रजीत आहेच, आणि दोन्ही अर्थ एकमेकांना सोयीचे झाले असतील. तरी ज्या बोलीत पोळी-पावाला 'रूटी' आणि घाईला 'जिल्दी' म्हणत, तिथं गावाच्या नावामागं आलेला हा शब्द हिंदुस्थानी असणं हेच जास्त संभवनीय आहे.

तिसरा आक्षेप सर्वांत प्रबळ आहे. अनेक कोशांत आणि लेखांत असं दिलेलं आढळतं की देवळालीला वेड्या शिपायांसाठी इस्पितळ होतं आणि त्यावरून शब्द आला. हे पटकन पटतं, कारण गावाच्या नावाचं वेडाशी नातं जुळण्याची नेहमीची वाट हीच असते. लंडनच्या बेथलेम इस्पितळावरून इंग्रजीला 'बेडलम' मिळाला. महाराष्ट्रातही 'ह्याला ठाण्याला पाठवा', 'येरवड्याला जागा बघा' असं बोललं जातं ते तिथल्या मनोरुग्णालयांमुळे. ठाण्याचं १९०१ सालचं. देवळालीच्या बाबतीतही तसंच घडलं असेल असं धरून चालणं स्वाभाविक आहे. पण गोऱ्या मनोरुग्णांच्या बाबतीत सरकारचं धोरण काय होतं ते पाहिलं की ही सोपी वाट अरुंद होत जाते. कंपनीच्या काळातल्या गोऱ्या मनोरुग्णांवर वाल्ट्राउड एर्न्स्ट यांनी 'मॅड टेल्स फ्रॉम द राज' हा ग्रंथ १९९१ साली लिहिला. त्यांचा निष्कर्ष असा की अशा रुग्णांना हिंदुस्थानात फार काळ ठेवायचं नाही, शक्य तितक्या लवकर विलायतेला धाडायचं, अशीच रीत होती. राज्यकर्त्यांमधला माणूस वेडा झालेला प्रजेला दिसू नये हाही त्यात विचार होता. पुढे विलायतेतल्या नेटलीच्या प्रचंड लष्करी इस्पितळात १८७० साली मनोरुग्ण शिपायांसाठी स्वतंत्र इमारत उघडली गेली. हिंदुस्थानातून परत धाडलेले शिपाई तिथं जात. म्हणजे मनोरुग्ण देवळालीतून जात असणार, काही काळ तिथल्या लष्करी इस्पितळात राहतही असणार, कारण बोट त्यांनाही हंगामातच मिळे. इस्पितळाच्या स्पष्टीकरणात एवढं तथ्य मला मान्य आहे. परंतु शब्द वेड्यांच्या इस्पितळावरूनच आला असता तर त्याचा रोख अशा रुग्णांवर राहिला असता. प्रत्यक्षात तो वापरला गेला तो शेजारच्या खाटेवरच्या धडधाकट सोबत्यासाठी, जो कालपर्यंत ठीक होता आणि आज एकटाच बडबडतो आहे किंवा क्षुल्लक कारणावरून अंगावर धावून येतो आहे.

शिपायांकडे वेडासाठी दुसरा शब्द नव्हता असंही नाही. 'पागल'वरून त्यांनी 'पगल्ड' बनवला होता आणि तो दारूनं झिंगलेल्यालाही लावला जाई. एक शब्द असताना दुसरा रुजतो तेव्हा त्याला वेगळं काम असतं. 'पगल्ड'मध्ये अवस्था आहे. 'डूलॅली टॅप'मध्ये अवस्थेबरोबर तिचं ठिकाण आहे, आणि ते ठिकाण म्हणजे घराच्या अलीकडचा शेवटचा मुक्काम. याच बोलीतला आणखी एक प्रसिद्ध शब्द त्याच्याशेजारी ठेवून पाहावा: 'ब्लायटी', अर्थात विलायती. शिपायांच्या तोंडी त्याचा अर्थ झाला घर, इंग्लंड. महायुद्धात तर जी जखम जिवावर बेतत नाही पण घरी पोचवते तिला 'ब्लायटी' जखम म्हणू लागले. या दोन शब्दांचं नातं मला फार बोलकं वाटतं. ब्लायटी म्हणजे जिथं जायचं आहे ते, आणि देवळाली म्हणजे जिथून निघता येत नाही ते. हिंदुस्थानीतून उचललेले 'कुशी', 'पक्का', 'डेको', 'बक्शी', 'चोकी' हे शब्द रोजच्या सोयी-गैरसोयींचे आहेत. या दोन शब्दांत मात्र त्या माणसांच्या मनाची ओढ साठलेली आहे.

शब्दांच्या अशा सुरस कथांबद्दल सावध राहावं, हा आणखी एक आक्षेप, आणि तो मला मनापासून मान्य आहे. 'पॉश'ची कथा सर्वांना ठाऊक असते: हिंदुस्थानला जाताना बोटीची डावी बाजू, येताना उजवी, सावलीच्या खोल्या श्रीमंतांच्या, आणि त्या चार शब्दांच्या आद्याक्षरांचा तिकिटावर शिक्का. ही कथा सुंदर आहे, पण तसा शिक्का असलेलं एकही तिकीट आजवर पुढं आलेलं नाही आणि अभ्यासक ती नाकारतात. मग देवळालीची कथा स्वीकारायची ती का? कारण इथं अक्षरांची जुळवाजुळव करावी लागत नाही. गावाचं नाव प्रयोगात उघड उभं आहे. फ्रेझर आणि गिबन्स यांनी सैनिक-खलाशांच्या शब्दांचा कोश १९२५ साली काढला, त्यात हा प्रयोग जुना फौजी शब्द म्हणूनच नोंदला आहे. एरिक पार्ट्रिजच्या १९३७च्या कोशातही त्याचं मूळ तेच. रिचर्ड्सचं पुस्तक या दोहोंच्या मधलं. छावणी चालू होती, शब्द वापरणारे हयात होते, आणि त्यांच्यापैकी कुणालाही गाव कोणतं हे सांगण्यासाठी तर्क लढवावा लागला नाही. वाद उरतो तो गावातल्या कोणत्या गोष्टीवरून शब्द आला एवढ्याचा, आणि तिथं पुराव्याचा कल कुठे आहे ते वर पाहिलंच.

मग बराकीतला हा शब्द घराघरांत गेला कसा? १९१४ पर्यंत तो जुन्या, हिंदुस्थान पाहिलेल्या शिपायांपुरता होता. महायुद्ध सुरू होताच हिंदुस्थानातल्या बहुतेक गोऱ्या पलटणी युरोपकडे हलवल्या गेल्या आणि या मुरलेल्या शिपायांशेजारी खंदकात कारकून, शेतमजूर, गिरणीकामगार येऊन बसले. नव्यांनी जुन्यांकडून बंदुकीबरोबर बोलीही घेतली. लाखो माणसं युद्धानंतर घरी गेली तेव्हा 'कुशी' आणि 'ब्लायटी'बरोबर 'डूलॅली'ही त्यांच्याबरोबर गेला. घरी मात्र त्याचा ताप कुणाला समजत नव्हता, म्हणून तो सुटला. उरलेल्या नावाला उच्चारानंच तारलं. इंग्रजाच्या जिभेला ळ नाही. देवळालीचे 'ळ' आणि 'ल' त्याच्या तोंडी एकच होतात, 'देव' आखडून 'डू' होतो, आणि जे हाती येतं ते अंगाईतल्या अर्थहीन अक्षरांसारखं वाजतं. यूल आणि बर्नेल यांनी १८८६च्या आपल्या प्रसिद्ध कोशाला 'हॉब्सन-जॉब्सन' हे नाव दिलं. मोहरमच्या मिरवणुकीतल्या 'या हसन, या हुसेन' या आर्त घोषाचं शिपायांनी केलेलं ते रूप होतं. परका शब्द आपल्या कानाच्या सोयीनं वळवून घेण्याची हीच रीत इथंही दिसते. हॉब्सन-जॉब्सनमधून शोक निघून गेला आणि डूलॅलीमधून वेदना. शब्द खेळकर झाला तो अर्थामुळे झाला नाही, आवाजामुळे झाला.

यावर कुणी म्हणेल की एका हलक्याफुलक्या शब्दावर इतकं ओझं कशाला? वाट पाहणं कुणाला चुकलंय, आणि त्यानं कुणी वेडं होतं का? वैद्यकानं याचं उत्तर दिलेलं आहे. पहिल्या महायुद्धात युद्धकैद्यांच्या छावण्या पाहिलेला स्विस डॉक्टर ए. एल. फिशर यानं १९१८ साली 'काटेरी तारेचा आजार' या नावानं एक पुस्तक लिहिलं. चिडचिड, लक्ष न लागणं, स्मरण ढिलं पडणं, सोबत्यांचा असह्य तिटकारा अशी लक्षणं त्यानं नोंदवली, आणि कारणांत कोंडमाऱ्याबरोबर सुटकेची अनिश्चितता ठळकपणे मांडली. देवळालीतला शिपाई कैदी नव्हता, हा फरक मोठा आहे. पण मुदत संपूनही न सुटलेला माणूस होता, आणि लक्षणं ओळखीची वाटतात. पुढचा पुरावा तर आपल्या उपखंडातलाच आहे. दुसरं महायुद्ध संपल्यावर पुन्हा तेच झालं: माणसं हजारो, जहाजं थोडी. देवळालीत पुन्हा घरी जाणाऱ्यांचा तळ पडला. जानेवारी १९४६ मध्ये कराचीच्या ड्रिग रोड तळावर ब्रिटिश हवाई दलातल्या माणसांनी घरी पाठवण्यातल्या दिरंगाईविरुद्ध काम थांबवलं, आणि ते लोण कानपूर, सिलोन, सिंगापूरपर्यंत गेलं. त्यांच्या आजोबांच्या पिढीतल्या शिपायाला संघटना नव्हती, मतपेटी नव्हती, वर्तमानपत्र त्याचं ऐकत नव्हतं. तो एकटाच बिघडत गेला आणि सोबत्यांनी त्या बिघाडाला गावाचं नाव दिलं. १९४६च्या माणसांनी एकत्र येऊन अर्ज केले, संप केला. ताटकळणं दोघांचंही एकच होतं.

या शब्दात कोण नाही हेही या अभ्यासात विसरून चालणार नाही. कंटाळलेल्या शिपायाचे महिने ज्यांच्या जिवावर गेले ते खानसामे, भिस्ती, धोबी, आणि छावणीच्या कायद्यांखाली नोंद व तपासणी सोसणाऱ्या बाजारातल्या बायका, यांनी त्या माणसांचा 'ताप' जवळून पाहिला आणि अंगावरही घेतला. रिचर्ड्स ज्या गुप्तरोगांचा उल्लेख ओघात करतो त्यांची दुसरी बाजू या बायकांच्या शरीरावर होती. गोऱ्या शिपायाबद्दलची सहानुभूती मी मागं घेत नाही; तो गरीब घरातला, फारसा न शिकलेला आणि कुणाच्या खिजगणतीत नसलेला माणूस होता. पण त्याची गोष्ट पुरी सांगायची तर भगूर-देवळालीचा बाजारही तिच्यात आला पाहिजे. त्यासाठी इंग्रजी कोशांच्या पलीकडे जाऊन छावणीचे दफ्तर, रेल्वेच्या नोंदी, मराठी वर्तमानपत्रं आणि नाशिक परिसरातल्या घरांतल्या आठवणी यांच्याकडे वळावं लागेल, आणि ते काम नाशिकच्याच माणसांना सर्वांत नीट करता येईल. दरम्यान तो शब्द इकडे परतलाही आहे: २००९ साली पुण्यात एक छोटी बिअरभट्टी निघाली, ती 'डूलॅली' याच नावानं. तिच्या मुंबईतल्या शाखांत बसणाऱ्या तरुणांपैकी बरेच जण नाशिकची गाडी पकडताना देवळालीच्या फलाटावरून जात असतील. पाटीवरचं ते नाव आणि बिअरच्या पेल्यावरचं नाव एकच आहे, आणि त्या फलाटावरून एके काळी मुदत संपलेली माणसं ऑक्टोबरच्या पहिल्या गाडीनं मुंबईकडे निघत, एवढं तरी त्यांना कळायला हवं.